स्वतंत्र चित्रोत्सव आणि आंबीची पात्रता

हलती चित्रे, संगणकावरचे खेळ आणि चित्रकथा या तीन कलांचा मिळून एकच महोत्सव भरवण्याची पद्धत आता जगात रुळली असून, या तिघींना एका मांडवाखाली आणण्यामागचे कारण वरवर पाहता सौंदर्यशास्त्रीय वाटत असले, तरी ते मुळात आर्थिक आहे. कारण तिन्ही कलांचे उपासक सारखेच कफल्लक असतात आणि तिघांनी वर्गणी काढली तरच एका सभागृहाचे भाडे निघते. असे महोत्सव राजधान्यांपेक्षा लहान शहरांत अधिक चांगले तग धरतात, असे इतिहास सांगतो. फ्रान्समध्ये ॲनिमेशनचा महोत्सव १९६० साली ॲनसी येथे आणि चित्रकथांचा महोत्सव १९७४ साली आंगुलेम येथे सुरू झाला. पहिले शहर तळ्याकाठी आहे, दुसरे एकेकाळी कागदगिरण्यांसाठी ओळखले जात असे, आणि पॅरिस दोहोंपासून पुरेसे लांब आहे. हाच निकष महाराष्ट्राला लावला, तर पाण्याकाठी वसलेले, उद्योगांनी वेढलेले आणि मुंबईपासून पुरेसे लांब असे मावळ तालुक्यातील आंबी हे गाव अभ्यासकाच्या नजरेत भरल्यावाचून राहत नाही.

आंबीच्या पात्रतेचा विचार करण्यापूर्वी काही संज्ञांचा खुलासा करून घेणे इष्ट ठरेल. ॲनिमेशन म्हणजे एकमेकांपासून किंचित भिन्न अशी स्थिर चित्रे इतक्या वेगाने एकामागून एक दाखवणे, की पाहणाऱ्याला त्यांत हालचालीचा भास व्हावा. चित्रपटात दर सेकंदाला २४ चौकटी पडद्यावरून जातात आणि काटकसर म्हणून एकेक चित्र दोन चौकटींपुरते वापरले, तरी एका मिनिटासाठी ७२० चित्रे लागतात. म्हणजे पाच मिनिटांची फिल्म एकहाती करणाऱ्याला ३,६०० चित्रे काढावी लागतात आणि ती पाहून झाल्यावर ‘छान आहे, पण लगेच संपली’ हा अभिप्राय हसतमुखाने ऐकून घ्यावा लागतो. चित्रकथा म्हणजे चौकटींत विभागलेली आणि चित्र व शब्द यांच्या जोडीने पुढे सरकणारी कथा; तिच्यातली हालचाल वाचकाने स्वतःच्या मनात करायची असल्यामुळे निर्मात्याचे बरेच श्रम वाचतात, पण चित्रकथा ही फक्त लहान मुलांसाठी असते असा समज सार्वत्रिक असल्याने वाचलेले सगळे श्रम तो समज दूर करण्यात खर्ची पडतात. व्हिडिओ गेम म्हणजे खेळणाऱ्याच्या कृतीनुसार ज्यातले चित्र बदलत जाते असा खेळ. त्यासाठी चित्रकार, लेखक, संगीतकार आणि प्रोग्रामर अशी निदान चार माणसे लागतात, आणि स्वतंत्र निर्मितीत ही चारही माणसे बहुधा एकाच खुर्चीवर बसलेली आढळतात. स्वतंत्र निर्मिती कोणती, हे मालकी आणि जोखीम यांवरून ठरते: ज्या कृतीचे हक्क निर्मात्याकडे राहतात, जिच्यात नफा झाला तर तो निर्मात्याचा असतो आणि तोटा झाला तर तो निर्मात्याच्या वडिलांचा असतो, ती स्वतंत्र कृती मानावी.

आंबी हे गाव तळेगाव दाभाडेच्या उत्तरेस इंद्रायणीकाठी वसलेले असून, एका अंगाला शिक्षणसंस्थांची आवारे आणि दुसऱ्या अंगाला औद्योगिक वसाहत पसरल्यामुळे तेथे भाताची खाचरे, वसतिगृहांच्या खिडक्या आणि कारखान्यांची प्रवेशद्वारे एकाच नजरेच्या टप्प्यात येतात. महोत्सवाला लागणारा तरुण प्रेक्षक वसतिगृहांत मुबलक आहे; वर्गातील उपस्थितीचा फारसा भार तो स्वतःवर घेत नसल्यामुळे त्याच्यापाशी वेळही असतो, आणि रात्रभर गेम खेळून तयार झालेला असल्यामुळे जाणकारीच्या बाबतीतही तो कमी पडत नाही. त्याचे पालक मात्र हा सर्व प्रकार अभियांत्रिकीच्या चार वर्षांत आटोक्यात येईल अशा आशेवर असतात, आणि महोत्सवात भेटणाऱ्या प्रत्येक कलावंताला ते जो पहिला प्रश्न विचारतात तो कलेविषयी नसून वार्षिक पॅकेजविषयी असतो.

हलणारी कोणतीही वस्तू तासन्‌तास पाहत उभे राहण्याची वृत्ती या कलेला फार पोषक असते, आणि त्या बाबतीत या परिसराचा अधिकार वादातीत आहे. २०१९ साली जेसीबी यंत्राचे खोदकाम पाहायला जमणाऱ्या गर्दीवरून समाजमाध्यमांत देशभर विनोदांची लाट उसळली होती. त्या कंपनीचा कारखाना तळेगावच्या औद्योगिक वसाहतीत आहे, हा निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. ज्या जनतेला संवाद, संगीत आणि कथानक यांची कसलीही मदत न घेता एक पिवळा लोखंडी हात मातीत वर-खाली होताना अर्धा तास पाहता येतो, तिला प्रायोगिक ॲनिमेशन जड जाईल ही भीती निराधार आहे. ॲनिमेशनमध्ये स्टॉप मोशन नावाचे एक तंत्र आहे, ज्यात वस्तू किंचित सरकवायची, तिचे एक छायाचित्र घ्यायचे, पुन्हा किंचित सरकवायची आणि पुन्हा छायाचित्र घ्यायचे, असे दिवसचे दिवस करत राहावे लागते. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी भुशी धरणाकडे निघालेल्या आणि वाटेत अडकलेल्या मोटारी याच तंत्राने लोणावळ्याला पोहोचत असल्यामुळे, त्यांतील प्रवाशांना हा कलाप्रकार निराळा समजावून सांगण्याची गरज पडत नाही. आंबी या मार्गापासून जवळ असल्याने, कंटाळून माघारी वळलेला समुदाय महोत्सवाला आयता मिळू शकतो.

उद्घाटनाच्या भाषणाचीही सोय या भूगोलाने करून ठेवली आहे. कार्ले, भाजे आणि बेडसे ही तिन्ही लेणी मावळातच असून, त्यांपैकी भाजे येथील कोरीवकाम इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाइतके मागे जाते. त्यामुळे ‘जगातील पहिली चित्रकथा याच डोंगरांत कोरली गेली’ हे वाक्य प्रमुख पाहुण्यांना पुराव्याकडे बोट दाखवून म्हणता येईल. असे वक्ते पहिल्या वाक्यात लेण्यांत असतात आणि दुसऱ्या वाक्यात कृत्रिम बुद्धिमत्तेवर येतात. मधली दोन हजारांहून अधिक वर्षे ते वाटेत कोणाचीही गाठभेट न घेता ओलांडतात. वस्तुतः जी माणसे भेटायला हवीत, ती त्या मधल्या काळातच राहतात.

सापशिडीचा पूर्वज असलेला मोक्षपट ज्ञानेश्वरांनी रचला, अशी परंपरा आहे. ती ग्राह्य धरली, तर लोणावळ्याच्या परिसरात उगम पावून आंबीवरून वाहणारी इंद्रायणी पुढे देहू ओलांडून जेथे पोहोचते, त्या आळंदीशी मराठी खेळरचनेचे नाते जडते. कोणत्या कृतीने खेळाडू वर चढेल आणि कोणत्या कृतीने खाली घसरेल याची घरागणिक आखणी, जिला आजचे गेम-निर्माते लेव्हल डिझाइन म्हणतात, त्या पटावर पूर्णत्वास गेलेली दिसते; फरक इतकाच, की तेथे अखेरच्या घरात मोक्ष होता आणि आज अखेरच्या घरापूर्वी जाहिरात असते. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाच्या संचात दहा अवतारांचे प्रत्येकी १२ असे १२० पत्ते असतात, आणि ते हाताने रंगवणाऱ्या कारागिराला ‘यात नवीन काय?’ हा प्रश्न विचारणारी समिती त्या काळी नसल्यामुळे हा खेळ टिकला. कुडाळ तालुक्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाचे चित्रकथी तर चित्रांची पोथी समोर धरून, वाद्याच्या साथीने कथा गाऊन सांगत आले आहेत. म्हणजे चित्र, आवाज, संगीत आणि वितरण ही चारही खाती एकाच घरात सांभाळली जात होती. या परंपरेतील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, यावरून स्वतंत्र चित्रकथाकाराची दखल घेतली जातेच, फक्त त्यासाठी काही शतके धीर धरावा लागतो, असा निष्कर्ष निघतो.

भारतीय ॲनिमेशनचा आरंभही एका मराठी गृहस्थाने पदरमोड करून केला. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली कुंडीत वाटाणा पेरून, ठरावीक अंतराने त्याची छायाचित्रे घेऊन, बी रुजून वेल होईपर्यंतचा प्रवास एका छोट्या चित्रफितीत दाखवला आणि ती फीत कर्ज देऊ शकतील अशा निवडक मंडळींना दाखवली. आपली कल्पना धनिकासमोर मांडून त्याचे मन वळवण्याच्या विधीला आजचे तरुण ‘पिच’ म्हणतात व त्यासाठी चाळीस पानांची रंगीत सादरीकरणे तयार करतात. फाळक्यांनी हे काम एका वाटाण्यावर भागवले आणि त्यांना कर्ज मिळाले. उरलेल्या भांडवलासाठी सरस्वतीबाईंचे दागिने होतेच, आणि घरातील दागिने हा स्वतंत्र निर्मितीचा आद्य वित्तस्रोत आहे, ही गोष्ट कलेच्या इतिहासात जितक्या ठळकपणे यायला हवी तितकी येत नाही. पुढे १९१५ साली त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ हा आगकाड्यांना हलवून केलेला लघुपट काढला. पात्रयोजनेतले हे शहाणपण दाद देण्यासारखे आहे. नटाला जेवण, मानधन आणि रुसवा हे तिन्ही असते, आगकाडीला यांपैकी काहीच नसते, आणि ती एकदाच भडकते. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी फाळके स्वतःचे आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केल्फा’ या नावाने जादूचे प्रयोग करत असत. तेव्हा टोपणनाव धारण करून वेषांतरात वावरण्याची जी हौस आज कॉसप्ले या नावाने महोत्सवांतून दिसते, म्हणजे आवडत्या पात्राचा पोशाख घालून हिंडण्याची जी प्रथा आहे, तिलाही नाशिककडचा आधार सापडतो.

संवादी माध्यमांचा, म्हणजे वाचकाने काही केल्याशिवाय पुढे न सरकणाऱ्या कलाकृतींचा, मराठी घरांत प्रवेश संगणकाच्या कितीतरी आधी झाला होता. मधुकर पाटकर यांनी १९५१ साली सुरू केलेल्या ‘आवाज’ या दिवाळी अंकातील खिडकीचित्रांत कागदाची घडी उघडेपर्यंत चित्राचा एक अर्थ असतो आणि घडी उघडल्यावर दुसराच निघतो; खेळणाऱ्याच्या कृतीने कथेचा अर्थ बदलणे हे गेमचे मुख्य लक्षण मानले, तर मराठी मध्यमवर्ग हा खेळ फराळाच्या ताटाशेजारी पिढ्यान्‌पिढ्या खेळत आला आहे, आणि तोही वडीलधाऱ्यांची नजर चुकवून, म्हणजे आजचा गेमर खेळतो नेमका त्याच पद्धतीने. १९६४ साली सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्समधून वेताळ मराठीत अवतरला आणि पाठ्यपुस्तकाच्या पोटात सुखाने राहिला. १९९१ पासून चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांच्या ‘चिंटू’ने दैनिक ‘सकाळ’मधून लाखो घरांची सकाळ सुरू केली, आणि वृत्तपत्र उलट्या बाजूने वाचण्याची सवय लागली तरी त्याला कोणी व्यसन म्हटले नाही. विजया मुळे यांचा ‘एक, अनेक और एकता’ हा १९७४ चा ॲनिमेशनपट दूरदर्शनच्या पिढीला तोंडपाठ आहे. मात्र तो कोणी केला असे विचारले, तर तीच पिढी ‘दूरदर्शनने’ असे उत्तर देते. चित्र घराघरांत पोहोचावे आणि चित्रकार कोणालाच ठाऊक नसावा, ही या कलेची जुनी रीत असून, महोत्सव भरवणे हा तिच्यावर शोधलेला उपाय आहे.

हा उपाय प्रत्यक्षात कसा चालतो हे तपासले असता, महोत्सवाचे केंद्र व्यासपीठ नसून टेबल आहे असे दिसते. सहा फुटी टेबल, त्यावर अंथरलेली चादर, मागे एक तरुण किंवा तरुणी, आणि समोर तिने तीन-चार वर्षे खपून काढलेल्या चित्रकथेची चळत, असे त्या केंद्राचे स्वरूप असते. टेबलासमोर येणाऱ्या अभ्यागतांचे स्थूलमानाने पाच वर्ग पडतात.

पहिला वर्ग जिज्ञासूंचा. ‘हे सगळं हाताने काढलंत?’ हा त्यांचा प्रश्न असतो. ‘हो’ म्हटल्यास ‘कॉम्प्युटरवर लवकर झालं असतं’ असे ते सुचवतात, आणि ‘नाही, कॉम्प्युटरवर’ म्हटल्यास ‘म्हणजे कॉम्प्युटरनेच काढलं’ असा निर्वाळा देतात. दुसरा वर्ग नातेवाइकांच्या वतीने येणाऱ्यांचा असून, त्यांच्या भाच्याचा हातही चित्रकलेत फार छान असतो, तो शाळेत असताना एलिमेंटरीला अ श्रेणी मिळवून गेलेला असतो आणि सध्या हिंजवडीला असतो. हे सर्व सांगून झाल्यावर ते समाधानाने पुढच्या टेबलाकडे जातात. तिसरा वर्ग उभ्याने वाचणाऱ्यांचा. हे रसिक संपूर्ण पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत टेबलापाशीच वाचतात, नेमक्या जागी हसतात, नेमक्या जागी गंभीर होतात, पुस्तक चळतीवर कडेला कड जुळवून परत ठेवतात आणि ‘मस्त! असंच काम करत राहा’ असा आशीर्वाद देतात. चौथा वर्ग घासाघीस करणाऱ्यांचा. मॉलमध्ये आइसक्रीमच्या छापील किमतीपुढे मान तुकवणारी ही मंडळी दीडशे रुपयांच्या पुस्तकापाशी मात्र ‘दोन घेतली तर?’ असे विचारतात आणि अखेर एकही घेत नाहीत. पाचवा वर्ग खरेदीदारांचा असून तो दुर्मीळ आहे, आणि बारकाईने पाहिल्यास तो शेजारच्या टेबलाचा मालक निघतो. एक चित्रकार दुसऱ्याचे पुस्तक घेतो, दुसरा तिसऱ्याचे घेतो आणि तिसरा पहिल्याचे. अशा रीतीने सकाळी निघालेली पाचशेची नोट सगळ्या सभागृहाला प्रदक्षिणा घालून संध्याकाळी मूळ खिशात परत येते आणि आयोजकांच्या अहवालात तिची नोंद भरघोस उलाढाल अशी होते.

या अर्थव्यवस्थेत एक उपपदार्थ मात्र हमखास खपतो आणि तो म्हणजे स्टिकर. चार वर्षांच्या तपश्चर्येतून साकारलेली, स्थलांतर आणि स्मृती यांचा वेध घेणारी चित्रकथा, आणि चार तासांत काढलेले चहा पिणाऱ्या मांजराचे स्टिकर, ही दोन्ही एकाच टेबलावर मांडलेली असतात. विकले जाते ते मांजर. अनुभवी चित्रकार ही गोष्ट मनाला लावून घेत नाही, कारण पुढच्या चित्रकथेचा छपाईखर्च त्या मांजराने द्यायचा असतो.

गेमच्या दालनात वेगळाच व्यवहार चालतो. अपुऱ्या अवस्थेतला खेळ अनोळखी लोकांना खेळायला देऊन त्यातील दोष हुडकण्याच्या प्रक्रियेला प्लेटेस्टिंग म्हणतात आणि सापडणाऱ्या दोषाला बग. दोन वर्षांत निर्मात्याला न सापडलेला बग आठ वर्षांचा मुलगा दोन मिनिटांत शोधतो, कारण निर्माता खेळात जेथे जायचे तेथेच जात असतो आणि मुलगा जेथे जायचे नाही तेथे आधी जातो. नायिका भिंतीत अडकते, पडदा काळा होतो, आई ‘बिघडवलंस ना!’ म्हणून मुलाच्या पाठीत धपाटा घालते, आणि निर्माता मात्र या मुलाला उद्याही घेऊन या, अशी हात जोडून विनंती करतो. शेजारच्या टेबलावर तेवढ्यात रेंडरिंग चाललेले असते. संगणकात रचलेल्या दृश्याचे प्रकाश-सावल्यांसह पक्क्या चित्रात रूपांतर करण्याची ही क्रिया तासन्‌तास चालते आणि ती शेवटच्या टप्प्यात आली की वीज जाते. मावळातल्या पावसाचा विचार करता, आंबीच्या महोत्सवात प्रमुख पाहुण्यापेक्षा जनरेटरला आधी आमंत्रण पाठवणे श्रेयस्कर ठरेल.

परिसंवाद हा प्रत्येक महोत्सवाचा अनिवार्य भाग असून त्याचा विषय ‘भारतीय कथांना जागतिक व्यासपीठ’ हाच असतो. व्यासपीठावरील पाच जणांपैकी चौघे उद्योगाच्या भवितव्याविषयी बोलतात आणि पाचव्याला, म्हणजे ज्याने खरोखर काही काढलेले असते त्याला, शेवटची तीन मिनिटे मिळतात, ज्यांतली दोन माइक चालू आहे की नाही हे पाहण्यात जातात. नंतर सर्वांना शाल व श्रीफळ दिले जाते. मानधनाऐवजी श्रीफळ देण्याच्या या प्रथेमुळे वर्षभर आमंत्रणे स्वीकारणाऱ्या कलावंताच्या घरी नारळाची चणचण कधी भासत नाही. घरमालक मात्र भाड्यापोटी नारळ घेत नाही.

शासनाने या क्षेत्राकडे दुर्लक्ष केले, असा आरोप करायला आता जागा उरलेली नाही. माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनपट यांचा मुंबई आंतरराष्ट्रीय महोत्सव १९९० पासून भरतो. २०२५ च्या मे महिन्यात मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात ‘वेव्हज’ नावाची भव्य जागतिक परिषद झाली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने या क्षेत्रासाठी ३,२६८ कोटी रुपयांच्या धोरणाला मान्यता दिली. या धोरणाच्या नावात ॲनिमेशन, दृश्य-परिणाम, गेमिंग, कॉमिक्स आणि विस्तारित वास्तव या पाचांची आद्याक्षरे गुंफून एव्हीजीसी-एक्सआर असा जो शब्द तयार झाला आहे, तो एका दमात उच्चारता येणे हीच अनुदानाची पहिली पात्रता-परीक्षा समजायला हरकत नाही. तथापि कोटींचे आकडे सभागृहाच्या छताशी फिरत असतात आणि सहा फुटी टेबल जमिनीवर असते, हे अंतर कोणत्याही धोरणाने एका दिवसात भरून निघत नाही.

त्या टेबलामागे बसणाऱ्यांची कर्तबगारी मात्र संशयातीत आहे. मुंबईच्या गीतांजली राव यांनी जवळपास एकहाती रंगवलेल्या ‘प्रिंटेड रेनबो’ला २००६ साली कान चित्रपट महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात पुरस्कार मिळाले. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने ‘राजी’ हा भारतीय पुराणकथांवर आधारलेला गेम करायला घेतला आणि २०१७ साली त्यासाठी इंटरनेटवरून लोकवर्गणीचे आवाहन केले. पुष्कळांनी थोडेथोडे पैसे आगाऊ द्यायचे आणि ठरलेली रक्कम जमली तरच ती निर्मात्याच्या हाती पडायची, असा त्या व्यवस्थेचा नियम होता. रक्कम जमली नाही. चमूने तरीही काम चालू ठेवले, २०२० साली गेम बाजारात आला आणि त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या उत्कृष्ट खेळांच्या अंतिम नामांकनांत त्याने स्थान मिळवले. त्यानंतर तो गेम पुण्याचा आहे याचा अभिमान पुण्यात अनेकांना वाटू लागला. अभिमानाला पैसे पडत नसल्यामुळे तो ठरलेल्या रकमेच्या कितीतरी पट जमला.

लोकवर्गणी मराठी माणसाच्या स्वभावात बसत नाही, असा युक्तिवाद यावर केला जातो. परंतु तो आंबीच्या शेजारीच खोटा ठरलेला आहे. अंताजी दामोदर काळे यांनी देशी उद्योगांसाठी दर माणशी वर्षाला एक पैसा मागण्याची कल्पना काढली, लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली, आणि गोळा झालेल्या त्या पैशांतून १९०८ साली तळेगावात पैसा फंड काच कारखाना उभा राहिला, जेथे काच तर बनलीच, पण काच बनवणारे विद्यार्थीही घडले. पैसा देणाऱ्यांनी काळ्यांना ‘भट्टीचं पॅकेज किती?’ असे विचारले नाही आणि दोन पैसे दिले तर सवलत काय, याचीही चौकशी केली नाही. मोठ्या आरंभाचीही गरज नसते. तोक्योतील ‘कॉमिकेट’ हा हौशी व स्वतंत्र चित्रकथाकारांचा बाजार, ज्यात आता लाखोंची गर्दी होते, तो १९७५ साली ३२ मंडळे आणि सुमारे ७०० माणसे एवढ्या बळावर सुरू झाला. मावळातल्या मध्यम आकाराच्या लग्नात याहून मोठी पंगत उठते.

तेव्हा आंबीस असा महोत्सव भरवायचा झाल्यास सिद्धता अवघड नाही. ३२ टेबले मांडावीत, दीपप्रज्वलन पाच मिनिटांत आटोपावे, परिसंवादात ज्याने काढले आहे त्याला सर्वांत आधी बोलू द्यावे, जेवणाला इंद्रायणीचा भात असावा, आणि शाल-श्रीफळाचा खर्च वाचवून तो येण्या-जाण्याच्या भाड्यापोटी पाकिटातून द्यावा. प्रवेशिका शंभर रुपयांची ठेवावी. मात्र ती संपूर्ण रक्कम आतल्या कोणत्याही टेबलावरील खरेदीत वळती व्हावी आणि खरेदी न करता बाहेर पडणाऱ्याला परत मिळू नये, म्हणजे उभ्याने वाचणाऱ्या रसिकाला आपले वाचन घरी नेऊन पूर्ण करण्याची सवय लागेल. स्वतंत्र कलावंत प्रोत्साहनाच्या अभावी क्वचितच थांबतो, कारण प्रोत्साहन त्याला पोटभर मिळते. तो थांबतो तो छपाईचे बिल थकल्यामुळे. सुज्ञ वाचकांना एवढीच विनंती, की अशा टेबलापाशी पाय थबकल्यास पुस्तक छापील किमतीला विकत घ्यावे, आणि भाच्याचा विषय पैसे देऊन झाल्यावर काढावा.